खिडकीच्या फळीवरची बत्ती

खाणीत उतरणारा माणूस टोपी आणि बूट घरून घालून येतो. बत्ती मात्र त्याला माझ्याकडून घ्यावी लागते. मी ती दिली नाही तर मोठे साहेबसुद्धा खाली जाऊ शकत नाहीत. नोकरीत मला एवढा एकच अधिकार आहे, आणि इतक्या वर्षांत मी तो एकदाच वापरला. त्याच दिवसाबद्दल लिहायला बसले आहे, पण आधी बाकीचं सांगून घेते, नाहीतर बाहेरच्यांना काही कळायचं नाही.

तुमसर तालुक्यातल्या एका मँगनीजच्या खाणीवर मी बत्तीघर सांभाळते. खाणीचं नाव लिहीत नाही. आमच्याकडे खाणी थोड्या आहेत आणि तोंडं पुष्कळ. बत्तीघर म्हणजे एक लांबट खोली, तिला जाळीची खिडकी, खिडकीला रुंद लाकडी फळी. आत लोखंडी रॅक आणि त्यावर ओळीनं चार्जिंगला लावलेल्या बत्त्या. प्रत्येक बत्तीला नंबर, आणि प्रत्येक नंबराचा एकच माणूस. बत्तीची बॅटरी कमरेच्या पट्ट्याला बांधायची, तिथून वायर पाठीवरून वर जाते आणि दिवा टोपीच्या पुढे खोचला जातो. माणूस पितळी बिल्ला देतो आणि बत्ती घेतो. बिल्ला मी त्याच्या नंबराच्या खिळ्याला टांगते. शिफ्ट सुटली की बत्ती परत, बिल्ला परत. खिळ्यावर बिल्ला लटकतो आहे याचा अर्थ माणूस अजून जमिनीखाली आहे. शेवटचा बिल्ला उतरेपर्यंत मी खोली सोडत नाही.

आणखी एक नियम आहे. बत्ती पेटवून द्यायची. फळीवर जळती ठेवायची, म्हणजे घेणाऱ्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं की ती चालू आहे. खाली गेल्यावर ‘बाईनं बंदच दिली’ अशी तक्रार मग राहत नाही.

ऐकायला हे काम गोदामातल्यासारखं वाटतं. पण समोरून रोज माणसं जातात, आणि माणसं गोदामातल्या मालासारखी नसतात. एक म्हातारे ड्रिलवाले होते, आधीच्या कार्बाइडच्या दिव्यांवर आयुष्य काढलेले. शिफ्ट सुटली की ते टोपीवरून बत्ती काढायचे आणि तिच्यावर जोरात फुंकर मारायचे. मी आतून हात घालून तिचं बटण हळूच बंद करायची. बत्ती विझली की ते समाधानानं मान हलवायचे. आमचा हा कार्यक्रम ते रिटायर होईपर्यंत चालला. दुसरा एक जण सुटीच्या आदल्या दिवशी हमखास यायचा. “बाई, बत्ती राहू दे ना जी घरी. सकाळी आणून देतो.” त्याला तलावाच्या काठावर खेकडे धरायचे असत. खेकडे तो मला आणून देईल असंही तो म्हणायचा. खेकडे मला फार आवडतात, हे त्याला कोणी सांगितलं कोण जाणे. बत्ती मी दिली नाही.

बहुतेक जण बत्ती हातात घेतली की ती कपाळाला लावतात, घरी संध्याकाळी दिव्याला हात जोडतात तशी. सुरुवातीला मला ते चमत्कारिक वाटे. मी ख्रिस्ती. आमच्या घरात दिव्याला हात जोडायची पद्धत नाही. पण मग लक्षात आलं की तेवढा क्षण मीही काहीतरी करतच असते. मी यादी करून जगणारी बाई आहे. स्वयंपाकघरात सामानाची यादी, चर्चमध्ये फुलं कोणाची आणि झाडलोट कोणाची याची यादी, आणि प्रार्थनासुद्धा यादीनंच. बत्ती फळीवर ठेवताना मी मनात त्या माणसाचं नाव घेते आणि म्हणते, सांभाळ. पुढचा माणूस, पुढचं नाव, सांभाळ. यापेक्षा मोठी प्रार्थना मला जमत नाही. रविवारी पाळकसाहेब ख्रिस्ताच्या उजेडाबद्दल बोलतात तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आकाश-बिकाश येत नाही. माझा रॅक येतो.

ही नोकरी मला नवऱ्याच्या जागी मिळाली. सॅम्युएल याच खाणीत इलेक्ट्रिशियन होता. मूत्रपिंडाच्या आजारानं गेला. तेव्हा माझ्यामागे जो माणूस उभा राहिला त्याचं नाव याकोब. सॅम्युएलचा जिवाभावाचा दोस्त, खाणीत मेट. मी त्यांना भाऊजी म्हणते. अर्ज कुठं द्यायचा, कोणाला भेटायचं, हे सगळं त्यांनी केलं. बत्तीघरात पहिल्या दिवशी मी प्रत्येक बत्तीचा नंबर दोनदोनदा पाहत होते. ते खिडकीशी आले आणि म्हणाले, “वहिनी, घाबरू नका जी. बत्तीले काही चुकलं तं ती बोलत नाही. माणूस बोलते. माणसाचं ऐकत जा.”

मेटचं काम काय, तेही सांगते. सुरुंग उडाल्यावर धूर निवळला की त्या जागेत सगळ्यात आधी मेट जातो. हातात लोखंडी सब्बल, म्हणजे पहार. सब्बलीनं छत ठोकत जायचं. दगड पक्का असेल तर आवाज खणखणीत येतो. सैल असेल तर पोकळ, मेलेला येतो. सैल दगड आधी पाडायचे, कडेच्या भेगा पाहायच्या, मग मागच्यांना बोलवायचं. मेट ‘या’ म्हणाला की बाकीचे त्या छताखाली जातात. कोणी वर पाहत नाही. त्याच्या शब्दावर जातात.

आमची ख्रिस्ती मंडळी लहान. सगळे आले तरी चर्चमधली बाकं उरतात. पण आमची एक रीत आहे, ती दुसरीकडे कुठं मी पाहिली नाही. वेदीजवळच्या टेबलावर एक जुना पितळी कार्बाइडचा दिवा असतो, इथल्या पहिल्या ख्रिस्ती खाणकामगाराचा. नाताळच्या आदल्या संध्याकाळी तो पेटवतात. खालच्या भांड्यात कार्बाइडचे खडे, वरच्यात पाणी. पाणी थेंब थेंब खड्यांवर पडतं, वायू निघतो, लसणासारखा उग्र वास सुटतो, फुस्स आवाज येतो आणि काडी लावली की पांढरीशुभ्र ज्योत. मंडळीतला जो माणूस अजून खाणीत उतरतो, त्यानं तो पेटवायचा. अनेक वर्षं ते याकोब भाऊजीच होते. मग घरटी एक जण पुढे जातो. ते मेणबत्ती दिव्यावर पेटवून त्याच्या हातात देतात आणि त्याची बोटं तिच्याभोवती मिटवतात. सॅम्युएल गेला त्या वर्षी आमच्या घरातून पहिल्यांदा मी गेले. मेणबत्ती माझ्या हातात देऊन त्यांनी माझी बोटं मिटवली आणि बराच वेळ हात सोडला नाही. मेण माझ्या अंगठ्यावर ओघळलं. मी हलले नाही.

आता मुद्द्याची गोष्ट.

एक दिवस शिफ्ट सुटल्यावर भाऊजी म्हणाले, “वहिनी, बत्ती मंद झाली.” मी बदलून दिली. थोड्या दिवसांनी पुन्हा, “हेही मंदच हाय.” ती पण बदलली. तक्रार आलेली बत्ती मी तपासते. आमच्या खोलीच्या मागं एक अंधारी अडगळ आहे, तिथं भिंतीवर उजेड पाडून पाहायचा. दोन्ही बत्त्या लख्ख होत्या. शेजारी नवी कोरी बत्ती लावून पाहिली, फरक दिसेना. तिसरी दिली. तिसरीही मंद म्हणून परत आली.

मग मी बत्तीकडे पाहायचं सोडून माणसाकडे पाहायला लागले. ते फळीवरची बत्ती उचलताना हात आधी फळीवर ठेवत आणि सरकवत नेत. दाराच्या चौकटीला त्यांचा खांदा घासून जाई. शेजारून कोणी हाक मारली तर डोळे न वळवता अख्खी मान वळवत. ते चाचपडणं मला पाहवत नव्हतं, म्हणून मी त्यांची बत्ती फळीवर न ठेवता सरळ त्यांच्या हातात द्यायला लागले. रांगेत कोणाच्या ते लक्षात आलं नाही. त्यांच्या आलं असावं. एकदा म्हणाले, “मले बरी व्हीआयपी सेवा हाय.”

एका रविवारी उपासनेनंतर मी त्यांच्या घरी गेले. त्यांची बायको रूथताई चहा टाकत होती. मी गोल गोल बोलत बसले नाही.

“भाऊजी, तिन्ही बत्त्या चांगल्या हायत. डोळे दाखवून घ्या ना जी एकदा.”

ते हसले. “डोळ्याले काय झालं? कंपनीच्या डाक्टरनं पाटी वाचाले लावली होती. पार खालची ओळ वाचली म्या. थांबा, तुमाले वाचूनच दाखवतो.”

उठून ते भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेले आणि तारखांच्या खालची मुंगीएवढी अक्षरं घडाघडा वाचून दाखवली. मला ती माझ्या जागेवरून दिसतही नव्हती. वळताना त्यांचं कोपर स्टुलावरच्या पाण्याच्या पेल्याला लागलं. पेला खाली गेला. रूथताई फडकं घेऊन आली आणि तिनं पुसलं. पुसायची तिला सवय झालेली दिसली.

“हे काय मंग?” मी म्हटलं.

“पेला कडेले होता.”

“समोरचं दिसते अन् कडेचं नाही, असंच तं मी म्हणून राहिली.”

ते खुर्चीत बसले. “वहिनी, छत का डोळ्यानं पाहते का कोणी? ठोकून ऐका लागते. माये कान शाबूत हायत.”

“अन् भेग ऐकू येते का?”

चहा आला. बशीत ओतून पिता पिता म्हणाले, “थोडीच वर्षं राहिली माही नोकरीची. हे कळलं तं मले वर बसवतील. गेटवर गाड्याचे नंबर लिहित बसू? खाली मले मेटसाहेब म्हणतात. वर मले कोण वळखते?”

“आम्ही वळखतो ना.”

“तुमी तं बायाबापड्या.” मग आवाज उतरवून, “कोणाले सांगू नका जी. धानाची कापणी होऊ द्या, मंग मी स्वताच नागपूरले जातो. सॅम्युएलची आन.”

माझ्या नवऱ्याची शपथ त्यांनी मला घातली. मी मान हलवली. निघताना रूथताई फाटकापर्यंत आली. मी बाहेर पडताच तिनं फाटकाची कडी लावली.

कापणी झाली, मळणी झाली. भाऊजी नागपूरला गेले नाहीत. मी दोनदा आठवण दिली. पहिल्यांदा म्हणाले, जातो. दुसऱ्यांदा म्हणाले, “तुमची याद लय पक्की हाय वहिनी,” आणि बत्ती टोपीला खोचून चालू लागले. मी साहेबांकडे का गेले नाही, असं पुढे मला अनेकांनी विचारलं. काय सांगणार होते मी? बत्ती चांगली आहे आणि माणूस तिला मंद म्हणतो, एवढंच माझ्याजवळ होतं. डॉक्टरांनी त्यांना पास केलं होतं. आणि ज्या माणसानं मला या खिडकीत आणून बसवलं, त्याची चुगली करायला पाय उचलत नव्हता, हेही खरंच आहे.

मग एका दुपारी गोवर्धन बत्ती परत द्यायला आला. गोवर्धन भाऊजींच्या गँगमधला ड्रिलवाला, आंबागडकडचा, दोन लेकरांचा बाप, तोंडानं सैल. फळीवर रेलून सांगायला लागला.

“बाई, आज मेटसाहेबानं मजाच केली. कडेले ही एवढी भेग फाटून राहिली, अन् हे तिच्याच खाली उभे राहून आमाले म्हणतात, या रे, या, छत पक्कं हाय. म्या कॉलर धरून ओढलं त्याईले.”

“मग?”

“मंग काय! मलेच शिव्या. म्हणे, भेग मले दिसली होती, तुमची परीक्षा पाहून राहिलो होतो.” तो हसला. मागचे दोघं हसले. “मेटसाहेब म्हातारे होऊन राहिले बाई.”

मी त्याचा बिल्ला खिळ्यावरून काढून दिला. तो पुढं जाऊन बाकीच्यांच्यात मिसळला. ती सगळी गँग हात-तोंड धुवायला नळाकडे चालली होती, एकमेकांवर पाणी उडवत. रोज सकाळी ज्यांची नावं मी एकेक करून घेते, ती ही माणसं. आणि त्यांच्यापुढे चालणारा माणूस त्यांना आंधळेपणानं छताखाली बोलवत होता, हे फक्त मला आणि रूथताईला माहीत होतं. मी बत्ती त्यांच्या हातात देत होते म्हणून ते खाली जाऊ शकत होते. मी ज्याला माया समजत होते तिचं हे दुसरं टोक होतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या शिफ्टला मी ठरवून आले. काय बोलायचं ते पाठ केलं होतं. भाऊजी खिडकीशी वाकले की हळूच म्हणायचं, आज डॉक्टरची चिठ्ठी आणल्याशिवाय बत्ती मिळणार नाही. बास. ते चिडतील, पण गुपचूप घरी जातील. आणि बत्ती हातात द्यायची नाही. फळीवर ठेवायची, सगळ्यांची ठेवते तशी. त्यांना स्वतःला कळावं, एवढंच मला हवं होतं.

रांग नेहमीसारखी. भाऊजी आले. “जय ख्रिस्त, वहिनी.”

“जय ख्रिस्त, भाऊजी.”

मी बत्ती पेटवली आणि फळीवर ठेवली. त्यांच्या उजव्या कोपराला जवळपास टेकून. लख्ख जळत होती. बाजूच्या भिंतीवर तिचा गोल पडला होता.

त्यांनी बिल्ला दिला आणि हात पुढे करून थांबले. ते सरळ माझ्याकडे पाहत होते. मी पाठ केलेलं वाक्य माझ्या तोंडातून निघेना.

“द्या ना जी.”

माझे हात मी फळीखालीच ठेवले.

“मायवाली बत्ती कुठं हाय, वहिनी? चार्ज नाही झाली का?”

मागून गोवर्धन हसला. “मेटसाहेब, कोपरापाशी तं हाय जी! डोळे उघडा.”

रांगेत दोघं-तिघं हसले. भाऊजींनी डावीकडे हात फिरवला. मग उजवीकडे. हात बत्तीला लागला आणि ती फळीवरून निसटली. बॅटरी फळीवर अडकली आणि बत्ती वायरीला लटकून हेलकावे खायला लागली. तिचा झोत रांगेतल्या चेहऱ्यांवरून फिरत गेला, एकेकाच्या तोंडावर क्षणभर थांबून पुढे. गोवर्धनच्या चेहऱ्यावर आला तेव्हा त्याचं हसू जायला लागलं होतं. परत फिरला तेव्हा कोणीच हसत नव्हतं. त्यांना आदल्या दिवशीची भेग आठवली असणार. जो तो आठवत होता, आपण कुठं उभे होतो.

भाऊजींनी वायर चाचपून बत्ती वर ओढली, बटण शोधून बंद केली आणि फळीवर ठेवली.

“वहिनी,” ते म्हणाले. आवाज अगदी शांत होता. “तुमी मले घरी येऊन मारलं असतं तं चाललं असतं.”

ते वळले. रांगेनं वाट दिली. गोवर्धन त्यांचा दंड धरायला पुढे झाला, तर त्यांनी हात झटकला. खाणीच्या फाटकापर्यंत ते सरळ चालत गेले. तो रस्ता त्यांना पाठ होता. त्यांचा बिल्ला माझ्या मुठीत राहिला.

तपासणी झाली. काचबिंदू निघाला. बाजूची नजर आधी जाते, समोरची शेवटपर्यंत टिकते. म्हणून पाटीची खालची ओळ वाचता येत होती, यात डॉक्टरांचीही चूक नव्हती. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंब टाकून जितकी टिकेल तितकी. फार टिकली नाही. त्यांना वर गेटवर बसवलं, पण गाड्यांचे नंबर लिहायलाही नजर लागते. काही महिन्यांनी ते घरीच बसले.

ज्या जागेत गोवर्धननं त्यांना ओढलं होतं, तो भाग पुढे दुसऱ्या मेटच्या हाताखाली नीट काढून झाला. छताचा एक तुकडा पडला नाही. ती भेग जशी होती तशीच राहिली. हे मी मुद्दाम लिहिते. तिथं काही पडलं असतं, तर लोकांनी माझ्याकडे वेगळ्या नजरेनं पाहिलं असतं. जे घडलंच नाही त्यातून कोण वाचलं, हे कोणाला दाखवता येत नाही. मग उरतं एवढंच, की बत्तीवाल्या बाईनं भर रांगेत मेटसाहेबाला आंधळं ठरवलं. खाणीच्या कॉलनीत हेच बोललं गेलं. ज्या गोवर्धनसाठी मी हे केलं, त्यानंच मला विचारलं, “काहून असं केलं बाई? आमी पाहून घेतलं असतं ना.” मी म्हटलं, तुम्ही काय पाहून घेतलं असतं? तो बिल्ला उचलून निघून गेला. त्यानंतर तो कधी फळीवर रेलून बोलला नाही.

रूथताईकडे मी गेले होते. तिनं दार उघडलं, आत बोलावलं नाही. म्हणाली, “घरात अंधार व्हायचाच होता. पण तो तुमच्या हातून काहून यावा?” त्या वर्षी डिसेंबरात कॉलनीत आमच्या सगळ्यांच्या दारावर नाताळचे तारे लागले. त्यांच्या दारावर लागला नाही. येता-जाता मला ती रिकामी खुंटी दिसायची.

नाताळच्या आधी पाळकसाहेब माझ्याकडे आले. तरुण आहेत, भल्या मनाचे. म्हणाले, “आता आपल्यातलं खाणीत उतरणारं कोणीच उरलं नाही. बत्तीचं काम तुमचंच आहे. कार्बाइडचा दिवा या वेळी तुम्ही पेटवा.” मी सांगितलं, मी खाली उतरत नाही, मी फक्त उतरवते. त्यांना ते नीट कळलं नसावं. त्या संध्याकाळी पितळी दिवा टेबलावर तसाच राहिला. पाळकसाहेबांनी काडेपेटीनं मेणबत्त्या पेटवल्या. गाणी झाली, केक झाला. लसणाचा तो उग्र वास नव्हता, आणि लहान मुलं दर वर्षी त्या वासाला नाकं मुरडतात, ती त्या वर्षी शांत बसली होती.

उजेडाबद्दल आम्ही चर्चमध्ये पुष्कळ गातो. गाण्यात तो मऊ असतो. वाट दाखवतो, धीर देतो, कुशीत घेतो. बत्तीघरात इतकी वर्षं काढल्यावर मला एवढं कळलं आहे की उजेड निवड करत नाही. समोर जे असेल ते दाखवतो. एखाद्या माणसाचं जे सगळ्यांपासून झाकून राहावं असं आपल्याला वाटतं, तेही. मी जे केलं ते पुन्हा करावं लागलं तर करीन. पण भर रांगेत नाही. आणि मग लगेच मनात येतं, भर रांगेत झालं नसतं तर ते दुसऱ्या दिवशी पुन्हा बिल्ला घेऊन उभे राहिले असते. हा हिशेब माझ्याच्यानं कधी पुरा होत नाही.

गेल्या नाताळला ते आले.

मी फुलदाण्या लावत होते, कारण यादीत त्या दिवशी फुलं माझ्याकडे होती. रूथताईचा हात धरून भाऊजी आत आले. अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा. आता त्यांना उजेड आणि अंधार एवढाच फरक कळतो, तोही कधी कधी. पाळकसाहेब लगबगीनं पुढे गेले. भाऊजी म्हणाले, “पाळकसाहेब, दिवा कुठं हाय तेवढं सांगा. बाकी माह्यं मी पाहतो.”

टेबलापाशी बसून त्यांनी दिवा उघडला. खडे बोटांनी मोजून टाकले. पाणी ओतताना एक बोट आत ठेवलं होतं, म्हणजे किती आलं ते कळतं. झाकण फिरवलं, कान लावला. चर्चमध्ये कोणी खोकलंसुद्धा नाही. थेंब पडायला लागल्याचं त्यांना ऐकू आलं असावं, कारण ते किंचित हसले. मग वास आला. मुलांनी नाकं मुरडली. भाऊजींनी वायूच्या फुस्स आवाजाकडे काडी नेली, आणि ज्योत उभी राहिली. ती लागली की नाही, हे त्यांनी तिच्याजवळ तळवा धरून पाहिलं. आमच्या आताच्या बत्त्या असं कळू देत नाहीत. त्या गरम होत नाहीत.

मंडळी घरटी एकेक पुढे जायला लागली. रूथताई बाजूला उभी राहून मेणबत्त्या देत होती. भाऊजी एकेक मेणबत्ती त्या ज्योतीवर पेटवत, समोरच्याचा हात शोधत, त्यात ती ठेवत आणि बोटं मिटवत. “कोण?” विचारायचे. नाव ऐकलं की, “नाताळ मुबारक, बाप्पा,” “नाताळ मुबारक, बाई.” हातांवरून एका-दोघांना त्यांनी नाव न विचारता ओळखलं, त्यावर लोक हसले. चर्च हळूहळू उजळत गेलं.

माझी पाळी आली. मी हात पुढे केला.

“कोण?”

“मी, भाऊजी.”

त्यांचा हात माझ्या हातापासून बोटभर अंतरावर होता. तो थांबला. मेणबत्ती पेटलेली होती, तिचं मेण त्यांच्या अंगठ्यावर ओघळत होतं. ते हलले नाहीत. रूथताईनं खाली पाहिलं.

मग त्यांनी हात मागं घेतला, टेबलाची कड चाचपली, दोन थेंब मेण लाकडावर पाडलं आणि त्यात मेणबत्ती उभी केली. माझ्यासमोर. नीट, न डगमगणारी.

“ठेवली हाय,” ते म्हणाले. “दिसत असन तं उचला.”

मला दिसत होती. मी उचलली.